शिक्षकांना शिकवणारे आधी काय करत होते?

खडूचीधूळ (प्रश्न)

नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, यंदा चौदावं वर्ष. डी.एड.वर लागले, नोकरीत असतानाच मुक्त विद्यापीठातून बी.ए. आणि मग बी.एड. उरकलं. सध्या तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे, पट २७. शाळा द्विशिक्षकी. दुसरे सर मुख्याध्यापकाचा चार्ज सांभाळतात, म्हणजे टपाल, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून उरले तर वर्गात.

आता माझ्यापुढे दोन वाटा आल्यात. केंद्रप्रमुखाच्या, म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख करणाऱ्या पदाच्या, विभागीय परीक्षेचा अभ्यास चालू आहे. पुस्तकं आणलीत, अधिनियम आणि योजनांची पाठांतरं चाललीत. तेवढ्यात आमच्या तालुक्यात काम करणाऱ्या एका संस्थेकडून विचारणा आली : ‘शिक्षक मार्गदर्शक’ म्हणून याल का? हॉलमधली प्रशिक्षणं घ्यायची नाहीत. वीसेक शाळांत फिरायचं, शिक्षकाच्या वर्गात बसायचं, त्याच्याबरोबर काम करायचं. घरी विषय काढला तर नवरा म्हणाला, पगारी नोकरी सोडून फिरतीवर जायला तू काय एलआयसी एजंट आहेस का.

नोकरीचा निर्णय माझा मी घेईन. तुम्हाला विचारायचंय ते वेगळं आहे.

परवा जुन्या डायऱ्या काढून बसले आणि चौदा वर्षांत मला कोणी कोणी ‘प्रशिक्षित’ केलं ते आठवून लिहिलं. सतरा माणसं आठवली. त्यातले नऊ हायस्कूलचे, विषय इंग्रजी नाहीतर गणित. पहिलीचा वर्ग त्यांनी स्वतःची पोरं शाळेत घातली तेव्हाच पाहिलेला. चार जण अध्यापक विद्यालयात शिकवणारे. दोघं कंपनीतून आलेले, टाय लावून, ‘ऊर्जा’ शब्द फार वापरायचे. एक चित्रकला शिक्षक. आणि एक बालवाडीची ताई.

एका पाच दिवसांच्या प्रशिक्षणाची गोष्ट सांगते. तालुक्याच्या गावी हायस्कूलचा हॉल, आम्ही शंभरावर लोक, मे महिना, पंखे दोन. ‘कृतियुक्त अध्ययन’ या विषयावर दीड तास पडद्यावरचं वाचून दाखवलं गेलं. कृती एकच होती, आमची, हाताची घडी घालून बसायची. मागच्या रांगेतल्या एका सरांनी तेवढ्यात आयकराचा फॉर्म भरून घेतला.

चौथ्या दिवशी दुपारी ती ताई आली. जेवणानंतरचं सत्र, म्हणजे सगळ्यात नावडतं. तिनं प्रोजेक्टर बंदच करायला लावला. पिशवीतून चिंचोके काढले, मूठ उघडली आणि लगेच मिटली. किती होते? तीन, सगळे ओरडलो. पुन्हा मूठ. चार. पुन्हा. आता निम्मे लोक ‘पाच’, निम्मे ‘सहा’. पुढची मूठ तिनं जरा जास्त वेळ उघडी ठेवली, तर अख्ख्या हॉलमधल्या मास्तरांचे ओठ हलायला लागले. ती म्हणाली, “बघा, चार-पाचपर्यंत नजरेला कळतं, पुढं मोजावंच लागतं. तुम्हालासुद्धा. मग पहिलीतलं पोर बोटं मोजतंय म्हणून त्याच्या हातावर का मारता?”

माझं पहिलीचं शिकवणं त्या दुपारी बदललं. ताई बारावी होती, बस्स. तिच्या आधी बोललेल्या सरांच्या नावापुढे तीन पदव्या होत्या.

तर विचारायचंय हे : शिक्षकांना शिकवणाऱ्या माणसाच्या मागं काय असायला हवं? एम.एड.? वर्गावरची वर्षं? विषयाची पकड? की आणखी काही? तुमच्यापैकी जे या कामात आहेत ते आधी काय करत होते आणि त्यातलं काय खरंच कामी आलं? आणि भीती वाटते ती पण विचारते. वर्ग सुटला की हात जातो का?

---

एमएडतरीही

बाई, तुमच्या सतरात मी असण्याची शक्यता बरीच आहे. :) जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डाएटला, अधिव्याख्याता आहे. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आले.

डाएट निघाली ती १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर, जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षकांसाठी. आणि माझ्यासारखे लोक तिथं पोचले ते बी.एड., एम.एड. करून, म्हणजे माध्यमिकच्या रस्त्यानं. आमच्या एम.एड.ला तत्त्वज्ञान होतं, मानसशास्त्र होतं, संख्याशास्त्र होतं, एक प्रबंध होता. सहा वर्षांच्या मुलाला अक्षर कळायला लागतं तेव्हा नेमकं काय होतं, याच्यावर मी एक दिवससुद्धा घालवला नव्हता. रुजू झाल्यावर पंधराव्या दिवशी मला पहिलीच्या शिक्षकांसमोर ‘प्रारंभिक वाचन’ या विषयावर उभं केलं. मी पियाजे सांगितला, मुलांच्या विचारांच्या वाढीवर लिहिणारा मानसशास्त्रज्ञ. दुसरं काय सांगणार?

मधल्या सुट्टीत एका बाईंनी विचारलं, “मॅडम, माझ्या वर्गातला एक मुलगा ‘कमळ’ वाचतो, ‘मगर’ वाचतो, पण ‘काम’ दाखवलं की ‘कमळ’च म्हणतो. काय करू?” मला उत्तर आलं नाही. तो मुलगा अक्षरं वाचतच नव्हता. शब्दाचं तोंड बघून ओळखीचं चित्र सांगत होता. हे मला कळलं तीन महिन्यांनी, आवारातल्या सराव शाळेत पहिलीच्या वर्गात रोज एक तास बसायला लागले तेव्हा. बसायची परवानगी मागितली तर आमच्याकडे सगळे हसले. अधिव्याख्याता, आणि पहिलीत?

पदवीवर सगळं खापर फोडायला मात्र मी तयार नाही. कोल्हापूरच्या लीलाताई पाटील अध्यापक महाविद्यालयात होत्या आणि निवृत्तीनंतर १९८५मध्ये त्यांनी सृजन आनंद विद्यालय काढलं, प्राथमिकचं. एम.एड.मुळे मला एक गोष्ट मिळाली, आणि ती लहान नाही : एखादी गोष्ट ‘जमली’ असं कुणी म्हटलं की कशावरून, हे विचारायची सवय. प्रशिक्षणानंतर ‘अभिप्राय उत्तम’ असे कागद गोळा होतात ना, त्यांवर माझा विश्वास त्यामुळेच बसत नाही.

---

निवृत्त_गुरुजी

खडूचीधूळ बाई, लांब लिहितो आहे, सांभाळून घ्या. वेळ भरपूर आहे आणि नातू झोपलाय.

१९८२ला प्राथमिक शिक्षक म्हणून लागलो, २००४ला केंद्रप्रमुख झालो, २०१९ला निवृत्त. केंद्रात १४ शाळा, त्यातल्या तीन डोंगरात, पावसाळ्यात गाडी खाली लावून चालत जायच्या. १९९४च्या शासन निर्णयानं हे पद आलं, तेव्हा कल्पना चांगली होती : दहा-बारा शाळांमागं एक जाणता शिक्षक, जो शाळाशाळांतून फिरेल आणि बाकीच्यांना हात देईल. झालं काय, तर पोस्टमन. ‘माहिती आजच, विहित नमुन्यात, दोन प्रतींत.’ आठवड्याचे पाच दिवस कागद, उरला तर एक दिवस शाळा, आणि त्या दिवशीही तांदळाचा साठा मोजायचा. तुम्ही परीक्षा देताय, द्या. पण हे डोळे उघडे ठेवून द्या.

आता माझी पार्श्वभूमी. २२ वर्षं वर्गावर. कुणीही म्हणेल याहून चांगली तयारी नाही. मीही तेच समजत होतो, आणि पहिलं वर्षभर त्याच घमेंडीत वागलो. शाळेत गेलो की मुख्याध्यापक खुर्ची पुसायचे, पोह्यांची ऑर्डर जायची, ज्या शिक्षकाचा वर्ग बघायला गेलो तोच चहा सांगायला बाहेर. मी वर्गात टेबलाशेजारी बसायचो, मुलांकडे तोंड करून, म्हणजे मला शिक्षकही नीट दिसायचा नाही आणि मुलांच्या वह्याही नाहीत. वीस मिनिटं बसून शेरेबुकात लिहायचो, ‘अध्यापनात सुधारणा आवश्यक. शैक्षणिक साहित्याचा वापर करावा.’ खाली सही, दिनांक.

एका शाळेत माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या बाई होत्या. त्यांनी शेरा वाचला, चष्मा वर केला आणि शांतपणे म्हणाल्या, “सुधारणा कशी ते पण लिहा ना सर. जागा आहे खाली.”

मला राग आला. म्हटलं, उद्या येतो, पाठ घेऊन दाखवतो.

दुसऱ्या दिवशी गेलो. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी. फळ्यावर लिहिलं ४०३ वजा १२८. २२ वर्षं मी हे एकाच पद्धतीनं शिकवत आलो होतो : तीनातून आठ जात नाहीत, म्हणून शेजाऱ्याकडून एक उसना घ्या. शेजारी शून्य. मी म्हणालो, शून्याकडे नाही, मग तो त्याच्या शेजाऱ्याकडून घेतो. पुढच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, “त्याला मिळाले म्हणून तो आपल्याला का देईल?” वर्ग हसला. मी दटावलं. मग वह्या बघितल्या. निम्म्या वर्गाचं उत्तर ३२५. सगळ्यांचं सारखंच चुकलेलं. आठातून तीन गेले पाच, दोनातून शून्य गेले दोन, चारातून एक गेला तीन. वर-खाली न बघता मोठ्यातून लहान काढलेला. म्हणजे पोरं बेसावध नव्हती, त्यांच्या परीनं नियमानंच चालली होती. नियम त्यांचा होता, एवढंच. २२ वर्षं अशा उत्तरांवर मी लाल फुली मारली आणि एकदाही थांबून विचारलं नव्हतं की ३२५च का?

फळ्यासमोर तसाच उभा राहिलो. बाई उठल्या. कपाटातून काड्यांच्या मोळ्या काढल्या, रबर लावलेल्या. शंभराच्या चार, आणि सुट्या तीन काड्या. दहाचा गठ्ठा एकही नाही. “मला आठ काड्या द्यायच्यात. आहेत का?” नाहीत. “मग काय फोडू?” पोरांनीच सांगितलं, मोळी फोडा. एक शंभराची मोळी सोडली तर आत दहाचे दहा गठ्ठे. त्यातला एक गठ्ठा सोडला, सुट्या झाल्या तेरा. उरल्या तीन मोळ्या, नऊ गठ्ठे, तेरा काड्या. कुणी कुणाकडून उसनं घेतलं नाही, कुणी कुणाचं देणं लागलं नाही. मघाचं ते पोरगं बाईंच्या आधी ओरडलं, दोनशे पंच्याहत्तर!

त्या दिवशी शेरेबुकात लिहिलं : ‘पाठ मी घेतला. जमला नाही. बाईंनी सावरला.’ पुढच्या तपासणीत विस्तार अधिकाऱ्यांनी हा शेरा काढून विचारलं, हे काय लिहिलंय? म्हटलं, झालं ते लिहिलंय.

त्यानंतर बाईंच्या मोळ्या मी डिकीत घालून चौदाही शाळांत नेल्या. आणि नियम केला की कुठल्याही शाळेत गेलो तर आधी अर्धा तास पाठ माझा, शिक्षक मागच्या बाकावर. फसला तर सगळ्यांसमोर फसू दे. बाई, २२ वर्षांच्या अनुभवानं मला केंद्रप्रमुख केलं. शिक्षकांच्या उपयोगाचा माणूस मात्र मी त्या फजितीनंतर झालो.

तुमच्या यादीत हायस्कूलवाले आणि कंपनीवाले आहेत म्हणून तुम्ही नाक मुरडलंय, ते अर्धं बरोबर आहे. पण बाहेरचे सगळेच टाकाऊ धरू नका. गुजरातेत बालशिक्षण रुजवणारे गिजुभाई बधेका आधी वकिली करत होते. ती सोडून भावनगरला दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत आले आणि १९२०मध्ये बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक राजकोटला ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या, म्हणजे आजच्या भाषेत शिक्षकांच्या प्रशिक्षकच की. ती खुर्ची सोडून त्या गिजुभाईंकडे भावनगरला गेल्या, लहान मुलांत बसायला. अनुताई वाघ उलट्या बाजूनं आल्या. प्राथमिक शिक्षिका, नोकरी करत मॅट्रिक झालेल्या, १९४५ला बोर्डीत ताराबाईंना मिळाल्या. पुढं कोसबाडला अनुताईंचं काम बघायला कुठून कुठून माणसं आली. ग्राममंगल या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचे रमेश पानसे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. फलटणच्या मॅक्सिन बर्नसन मूळच्या अमेरिकेतल्या, भाषाशास्त्रज्ञ. फलटणची मराठी अभ्यासायला आल्या आणि मुलांना वाचायला शिकवण्यात आयुष्य घातलं.

मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२मध्ये १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला, तिथं तर संशोधन संस्थांतले, विद्यापीठांतले शास्त्रज्ञ गुरुजींबरोबर बसून प्रयोग करायचे. प्रशिक्षण झालं की काम संपलं असं नव्हतं. नंतर शाळेत जाऊन बघायचं, अडलं तिथं हात द्यायचा, त्याला त्यांचा शब्द होता ‘अनुवर्तन’. आमच्या शेरेबुकाच्या जागी हा शब्द आला असता तर किती बरं झालं असतं असं मला नेहमी वाटतं.

वकील, अर्थशास्त्री, भाषावाल्या, शास्त्रज्ञ. यांच्यात सारखं काय, तर वर्गात बसून मूल काय करतंय ते बघायची लाज यांना नव्हती. तुमच्या टायवाल्या दोघांनी वर्ग बघितला होता का, एवढंच विचारायचं.

हात जातो का, विचारलंत. जातो. दोन वर्षांत जातो. फळ्यावर अक्षर वाकडं यायला लागलं की समजा.

---

खवचट_मास्तर

सगळं छान चाललंय. मार्गदर्शक, सुलभक, तज्ज्ञ, साधनव्यक्ती, समन्वयक. आमच्या शाळेत पाच वर्ग आणि दोन मास्तर. यातला एक जण कायमचा शिकवायला पाठवा, मी त्याला दाराशी ओवाळून घेईन.

नवीन धोरणात वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. कोविडपासून बरंच ऑनलाइन आलं. आमच्या ओळखीतल्या एका घरी मोबाइलवर व्हिडिओ चालू असतो आणि कुकरच्या शिट्ट्या मोजल्या जातात. प्रमाणपत्र आलं की गटावर टाळ्यांचे हात. शिकवणाऱ्याची पार्श्वभूमी सोडा, ऐकणाऱ्याचा आवाजच बंद केलेला असतो.

(गुरुजी, काड्यांचं मात्र उद्या करून बघतो.)

---

वायरमन_ते_वर्ग

मी तो ‘बाहेरचा’. इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर, पुण्यात तीन वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग. मग एका फेलोशिपमधून दोन वर्षं महापालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग, आणि आता सहा वर्षं संस्थेत शिक्षकांबरोबर काम. तुम्हाला जी नोकरी विचारली आहे साधारण तीच.

टेस्टिंगचं खरंच कामी आलं. तिथं कुठलीही चूक सापडली की पहिला प्रश्न, ही पुन्हा करून दाखवता येते का? गुरुजींचं ३२५ वाचून मी खुर्चीतच उडालो, कारण मी शिक्षकांबरोबर पहिलं काम हेच करतो. एका विषयाच्या सगळ्या वह्या टेबलावर पसरायच्या आणि बरोबर-चूक न बघता सारख्या चुकांचे ढीग लावायचे. एका ढिगात अकरा वह्या निघाल्या तर ती अकरा मुलांची चूक नाही, आपल्या शिकवण्यातली एक फट आहे. शिक्षकाला हे मी ‘सांगितलं’ तर तो बचावात जातो. ढीग त्याच्याच हातानं लागला तर मला काही बोलावंच लागत नाही.

दोन वर्षांच्या वर्गाचं काय? लाज वाटते सांगायला, पण पुरे पडलं नाही. सुरुवातीला मी २७ वर्षांचा, समोर ५० वर्षांच्या बाई, आणि मी त्यांना ‘प्रश्न विचारल्यावर जरा थांबत जा’ सांगतोय. बाई नम्रपणे ‘हो सर’ म्हणायच्या. त्या ‘हो सर’चा अर्थ कळायला मला वर्ष लागलं.

मोठी चूक तर वेगळीच. एकदा वर्ग फार सुंदर चालला होता म्हणून मोबाइलवर दोन मिनिटं शूट केलं, न विचारता. मला वाटलं कौतुक होतंय. बाईंनी पाठ तिथंच संपवला. पुढं महिनाभर मी गेलो की त्या वर्गात शुद्धलेखन घालायच्या. फोटो काढून वर पाठवणाऱ्या साहेबांचा त्यांना इतका अनुभव होता की त्यात मी वेगळा असण्याचं कारणच नव्हतं. आता वर्गात मोबाइल बाहेर काढत नाही. वही, पेन. काय लिहिलं ते तास संपल्यावर आधी त्यांना वाचायला देतो, आणि ते पान फाडून त्यांच्याकडेच ठेवतो.

आता माझा तास कसा जातो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कामाचा अंदाज येईल. जाण्याआधी फोन करून विचारतो, आज काय बघू? एकच गोष्ट ठरवतो. समजा ठरलं की मागच्या दोन रांगांतली मुलं बोलतात का. मग मी बसण्याची आकृती काढतो आणि जो बोलला त्याच्या चौकोनात एक टिंब. बाकी काहीही दिसलं तरी लिहीत नाही. हे सगळ्यात अवघड आहे, कारण दिसतं फार. तासानंतर कागद पुढं सरकवतो आणि गप्प बसतो. एकदा एका सरांनी तो कागद मिनिटभर बघितला आणि म्हणाले, “अरे, मी खिडकीकडच्या बाजूलाच शिकवतोय की.” खिडकीकडे फळ्यावर चमक येत नव्हती, म्हणून ते तिकडे उभे राहायचे. फळा हलवला. झालं.

नोकरीबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. प्रकल्प बहुतेक तीन वर्षांचा असतो. निधी संपला की ‘पुढं बघू’ म्हणतात, ते लेखी विचारून घ्या. आणि महिन्यात किती दिवस अहवाल लिहिण्यात जातात तेही विचारा. कागद फक्त सरकारातच असतो असं समजू नका. आमच्याकडे तो इंग्रजीत असतो, एवढाच फरक.

---

पंडणची_पोळी

सिंगापूरहून. इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत गणित शिकवते, आधी मुंबईत शिकवत होते. खडूचीधूळ यांच्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहितेय.

इथं शिक्षकाला बढतीच्या तीन वेगळ्या वाटा आहेत : शिकवण्याची, प्रशासनाची आणि तज्ज्ञाची. शिकवण्याच्या वाटेवर सीनियर टीचर, लीड टीचर, मास्टर टीचर अशा पायऱ्या आहेत. सीनियर आणि लीड टीचर स्वतःचे वर्ग घेत घेतच बाकीच्यांना तयार करतात. माझ्या लीड टीचरचा तास मला बघता येतो आणि तिला माझा. ती चिडलेली, दमलेली, मुलांना आवरू न शकलेलीही मी पाहिली आहे, म्हणून तिनं काही सुचवलं तर मला ते वरून आल्यासारखं वाटत नाही. आपल्याकडे चांगल्या शिक्षिकेला बक्षीस म्हणून वर्गातूनच उचलतात, हे मला मुंबईत असताना कधी खटकलं नव्हतं.

सगळं गोड नाही हं. पायरी चढायची तर पुराव्यांची फाइल इथंही आहे. जाडजूड.

---

खडूचीधूळ

सगळ्यांना धन्यवाद. कालपासून तीनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं. तो खवचट मास्तरांवर खूश आहे.

मॅडम, तुमचा ‘काम’ला ‘कमळ’ म्हणणारा मुलगा माझ्याकडे आहे. दरवर्षी एक तरी असतो. तुम्ही सतरात नव्हता, मी यादी पुन्हा बघितली.

आज करून बघितलं. वायरमन सरांसारख्या चौथीच्या गणिताच्या वह्या पसरल्या. भागाकार. ढीग तीन लागले. सगळ्यात मोठ्या ढिगातल्या मुलांनी भागाकारातलं शून्य खाल्लंय, ६१२ भागिले ६ बरोबर १२. एकशे दोनचं बारा! आणि ही नेमकी तीच पोरं, ज्यांना मी मागच्या महिन्यात ‘भाग जात नसेल तर पुढचा अंक खाली घ्या’ असं शिकवलं होतं. शून्य लिहा, हे म्हणाले होते का? आठवत नाही. चौदा वर्षं झाली मला.

म्हणजे दुसऱ्याच्या वर्गात जाण्याआधी माझ्याच वर्गात माझं बरंच काम बाकी दिसतंय. संस्थेला फोन केला आणि विचारलं की आठवड्यातले दोन दिवस एखाद्या शाळेत माझा स्वतःचा वर्ग ठेवून बाकी दिवस फिरता येईल का. पलीकडच्या बाई जरा वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, असं आजवर कुणी मागितलं नाही, विचारून सांगते. वायरमन सरांचे दोन्ही प्रश्नही विचारले. अहवालाचे दिवस चार सांगितले, म्हणजे सहा धरते. परीक्षेचा अर्ज मागे घेतलेला नाही.

गुरुजी, एक राहिलं. तुम्ही पाठ स्वतः घ्यायला लागलात, ते ठीक. पण ते खुर्ची पुसणं, पोहे, शिक्षकानं वर्ग सोडून चहा सांगायला जाणं हे कसं थांबवलंत? माझ्याच्यानं ‘नको’ म्हणवणार नाही, समोरच्याला अपमान वाटतो.

---

निवृत्त_गुरुजी

डबा न्यायचा. मधल्या सुट्टीत पोरांच्या पंगतीत बसून उघडायचा. पहिले दोन महिने मुख्याध्यापक कानकोंडे होतात, मग तेही डबा घेऊन येऊन बसतात. माझ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी असायची, ती मात्र कधी मला पुरली नाही.

आणि भागाकाराला पण मोळ्याच घ्या. सहाशे बारा काड्या सहा जणांत वाटायला लावा. शंभराची एकेक मोळी प्रत्येकाला मिळाली की दहाचा एकच गठ्ठा उरतो आणि माणसं सहा. कुणालाच गठ्ठा मिळत नाही, तिथं पोरं आपण होऊन थांबतात.